बारा रुपयांची खोली

मुंबईत 'हे घर कोणाचे?' असे विचारू नये. विचारायचेच असेल तर 'पावती कोणाच्या नावावर आहे?' असे विचारावे. म्हणजे निदान उत्तर तरी मिळते. आमच्या गिरगावातल्या चाळीत भाड्याच्या चाळीस खोल्या आहेत. चाळीसही बिऱ्हाडांतली माणसे 'आमची खोली' असे छातीठोकपणे म्हणतात. तळमजल्यावर जिन्याशेजारी राहणारे धाकटे मालक 'आमची बिल्डिंग' असे म्हणतात, पण जरा खालच्या पट्टीत म्हणतात. आणि दर पावसाळ्याच्या तोंडी कोणी तरी सरकारी माणूस येऊन गॅलरीखालच्या टेकूंवर हात आपटून जातो. तो काहीच म्हणत नाही. पण या वास्तूत आपलाही काही हिस्सा आहे असे त्यालाही मनातून वाटत असावे.

मी या चाळीत जन्मलो, आणि आता पंचाहत्तरीला टेकलो आहे. उभी हयात शाळेत गणित शिकवण्यात गेली. यंदा मी आमची खोली विकायला काढली. जी माझ्या मालकीची नाही ती खोली मी विकायला काढली आणि त्यात बेकायदा असे काहीही नाही, हे बाहेरगावच्या माणसाला समजावून सांगताना माझी नेहमी त्रेधा उडते. समोरचा माणूस प्रथम हसतो, मग संशयाने पाहतो, आणि शेवटी 'मुंबईचं सगळंच उलटं' असे म्हणून विषय बदलतो. म्हणून एकदा हे नीट लिहूनच काढावे असे वाटले.

वडिलांनी ही खोली १९३८ साली घेतली. घेतली म्हणजे भाड्याने घेतली. त्या काळी 'जागा घेतली' या शब्दांचा दुसरा अर्थ सामान्य माणसाच्या डोक्यात येत नसे. भाडे बारा रुपये. ते सांगत, तेव्हा चाळींच्या कठड्यांना 'जागा भाड्याने देणे आहे' अशा पाट्या लटकत असत, आणि बिऱ्हाड सभ्य दिसले तर मालक आपण होऊन भिंतींना चुना काढून देत असे. पुढे महायुद्ध आले, माणसांचे लोंढे आले आणि पाट्या उतरल्या. भाडेनियंत्रणाचा कायदा मुंबईला तसा नवा नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीही एक झाला होता. पण १९४७ च्या कायद्याने केले ते निराळेच. १ सप्टेंबर १९४० या दिवशी ज्या जागेला जे भाडे होते तेच तिचे प्रमाण भाडे असे त्याने ठरवून टाकले, आणि घड्याळ तिथे थांबले.

त्या दिवसांत ते योग्यच होते. फाळणी झालेली, धान्याची टंचाई, जागेची त्याहून टंचाई. गिरणीतला, कचेरीतला, शाळेतला माणूस त्या कायद्यामुळे या शहरात टिकला. माझे शिक्षण, बहिणींची लग्ने, आईचे लांबलेले दुखणे, सगळे त्या बारा रुपयांच्या आधाराने पार पडले. हे ऋण मी नाकारणार नाही. मौज एवढीच, की काही वर्षांपुरता म्हणून केलेला तो कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धे शतक चालला. लक्षावधी बिऱ्हाडांना पक्के करणारा कायदा स्वतः मात्र जन्मभर तात्पुरता राहिला.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की भाडे असे गोठवून ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी होऊन बसले आहे. मग १९९९ चा नवा कायदा आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्याने मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ दिली. बारा रुपयांवर ४ टक्के! मास्तरची खोड जात नाही. मी चक्रवाढीने मांडून पाहिले. २५ वर्षांत बाराचे होतात ३१ रुपये ९९ पैसे. चपलांच्या दुकानात लिहितात तशी किंमत. महापालिकेचे कर आणि दुरुस्तीचा सेस वेगळा. पण तो मालकांच्या खिशात जात नाही. चाळीस खोल्यांचे मिळून महिन्याला १,२८० रुपये होतात. पाण्याच्या पंपाचे वीजबिल त्याहून अधिक येते.

घरमालक म्हणजे पोट सुटलेला, मिशांना पीळ देणारा, गरिबाचे भांडे जिन्यावरून फेकून देणारा माणूस, असे एक चित्र आपल्या नाटकांनी आणि बोलपटांनी रंगवून ठेवले आहे. तशी माणसे असतील, नाही असे नाही. परंतु आमचे धाकटे मालक त्या चित्रात बसत नाहीत. त्यांचे वय एकसष्ट. थोरले बंधू वारून वीस वर्षे झाली, तरी चाळ त्यांना अजून धाकटे मालकच म्हणते. त्यांच्या आजोबांनी ही इमारत बांधली. आजोबा म्हणे व्हिक्टोरियातून उतरत आणि चाळीतले पुरुष गॅलरीत उठून उभे राहत. नातू विमा कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाला. महिन्याच्या सात तारखेला तो साध्या सपाता घालून जिने चढतो, पावतीपुस्तक काखेत धरून दारात उभा राहतो, आणि 'आत या' म्हटले तरी येत नाही. वारसांच्या चार शाखा आहेत आणि त्यांच्यात वाटणीचा दावा चालू आहे. पावती फाडायचे काम तेवढे यांच्या वाट्याला आले आहे. पावसाळ्यात पहिली गळती लागते ती त्यांच्याच मोरीला.

मग मालकाने जगायचे कशावर? तर पागडीवर. पुण्याचा माणूस पगडी डोक्यावर घालीत असे; मुंबईच्या माणसाने पागडी मोजून दिली. पद्धत अशी, की जुना भाडेकरू जाताना आपली जागा नव्या भाडेकरूला देतो आणि तिची किंमत घेतो. मालक नव्याच्या नावाने पावती फाडतो, आणि त्याबद्दल रिवाजाने किमतीचा तिसरा हिस्सा घेतो. १९४७ च्या कायद्याने हे असे पैसे घेणे हा गुन्हा ठरवला होता. त्यामुळे पन्नास वर्षे हा व्यवहार दिवेलागणीनंतर, दार लोटून, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नोटांनी चालला. साऱ्या शहराला तो ठाऊक होता आणि एकाही कागदावर तो नव्हता. ज्या व्यवहाराची पावती कधी मिळत नसे तो व्यवहार होता पावतीचाच! १९९९ च्या कायद्याने अखेर तो मान्य केला, आणि पागडी उजेडात आली.

आमच्या खोलीचे क्षेत्रफळ १८० चौरस फूट. मोरी आत, संडास गॅलरीच्या टोकाला. दलालाने ४५ लाख सांगितले. त्यांतले १५ लाख मालकांचे. आता हे १५ लाख महिना ३२ रुपयांप्रमाणे भाड्यातून जमवायचे म्हटले, तर ३,९०६ वर्षे लागतात. माझ्या वर्गात असे उत्तर कोणी काढले असते तर मी त्याला गणित पुन्हा सोडवायला लावले असते. पण उत्तर बरोबर आहे. मालकांना आमच्या राहण्यातून काही मिळत नाही. जे मिळायचे ते आमच्या जाण्यातून. चाळीस बिऱ्हाडांतले एखादे दर दोनचार वर्षांनी उठावे, एवढ्यावर त्यांचे गाडे चालते.

जाण्याचेही दोन प्रकार आहेत. विकून जाणे हा एक. दुसरा सर्वांनाच चुकत नाही. भाडेकरू वारला, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाच्या नावावर पावती होते. सोबत राहणारे कोणीच नसले, तर वारसांपैकी कोणाला तो हक्क सांगता येतो. पण तो मृत्युपत्रात आपल्या मर्जीने लिहून ठेवावा तर ते चालत नाही. जुन्या कायद्याखालच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तसे ठरवले, आणि नव्या कायद्यातले कलमही त्याच धर्तीचे आहे. म्हणजे जी वस्तू मी परक्याला ४५ लाखांना विकू शकतो, ती पोटच्या मुलीला मृत्युपत्राने देऊ शकत नाही. आमचा मुलगा नाशिकला स्थायिक झाला, मुलगी बडोद्याला. गिरगावच्या १८० चौरस फुटांत येऊन राहायला दोघांपैकी कोणी मोकळे नाही. आम्हा नवराबायकोमागे ही खोली नुसती बंद पडून राहिली, तर सबंधच्या सबंध मालकांकडे जाऊ शकते. मी जिवंतपणी विकली तर त्यांना एक तृतीयांश. त्यांनी थोडी कळ काढली तर कदाचित पुरी.

आणि याच माणसाने गेल्या वर्षी, मला छातीत कळ आली तेव्हा, रात्री दीड वाजता टॅक्सी आणली. आमचा जिना अरुंद, वळणाचा. मला खुर्चीत बसवून खाली उतरवले तेव्हा खुर्चीचे पुढचे दोन पाय त्यांनी धरले होते, म्हणजे सगळा भार त्यांच्यावर. मी घरी परत आल्यावर पंधरा दिवस ते रोज दारात येऊन 'गोळ्या वेळेवर घेता ना, मास्तर?' असे विचारून जात. हे कोणत्या रकान्यात लिहायचे ते मला अजून कळलेले नाही.

चाळीतल्या कुलूपबंद खोल्यांची कथा वेगळी. सहा महिने सलग, योग्य कारणावाचून जागा वापरात नसली तर मालकाला दावा लावता येतो. म्हणून ज्यांची मुले ठाण्याला, विरारला, पनवेलला गेली त्यांच्यापैकी कोणी तरी रविवारी येते, दार उघडते, दिवा आणि पंखा लावते, मोरीत बादलीभर पाणी ओतते, आणि दोन तास बसून परत जाते. मीटरचा काटा हलला पाहिजे. दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ केवळ बिलासाठी दिवसभर दिवा जळत ठेवतात. संध्याकाळी गॅलरीतून पाहिले तर सगळ्या खिडक्यांत उजेड. पण फोडणीचा वास येतो तो पंधरावीस खोल्यांतून.

आता दुसऱ्या बाजूचे सांगतो. ती बाजू माझ्या घरातच आहे. १९८९ साली, फंडातून कर्ज काढून आणि हिच्या पाटल्या मोडून, आम्ही डोंबिवलीला एक ओनरशिपचा ब्लॉक घेतला. घेतला तो हिच्या नावावर. (आमच्या चाळीतल्या बहुतेक भाडेकरूंच्या बायका कुठे ना कुठे मालकिणी आहेत. पुरुषांनी आपल्या नावावर दुसरी जागा घ्यायची नाही, असा एक अलिखित शहाणपणा गिरगावात फार वर्षे चालत आला.) शाळा, आई, सवय या कारणांनी आम्ही तिकडे राहायला गेलोच नाही, ब्लॉक लिव्ह अँड लायसन्सवर देत आलो. तेव्हा परिस्थिती अशी, की १८० चौरस फुटांत एकाच पाटावर गिरगावचा भाडेकरू आणि डोंबिवलीची मालकीण जेवायला बसतात.

मी धाकट्या मालकांच्या हलाखीबद्दल कळवळून बोलू लागलो की ही म्हणते, "अहो, मग त्यांना देऊन टाका की दोन हजार भाडं. कोणी धरलंय?" आणि मी डोंबिवलीच्या बिऱ्हाडाची बाजू घेतली की, "माझ्या भाड्यातून तुमच्या चाळीचा सेस निघतो, हे विसरू नका." दोन्ही वेळा माझ्यापाशी उत्तर नसते.

हिची मालकी मऊ नाही, आणि त्याला कारण आहे. हिच्या मामांची दादरला दोन खोल्यांची जागा होती. मामांनी अडचणीच्या दिवसांत एक खोली एका गृहस्थाला काही महिन्यांपुरती लायसन्सने दिली. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली, आणि १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जे लायसन्सने ताब्यात होते ते भाडेकरू मानले गेले. गृहस्थ राहिले ते राहिलेच. मामेबहिणीच्या लग्नात मांडवपरतणीची पाहुणेमंडळी उरलेल्या एका खोलीत कशी मावली होती, हे ही आजही हातवारे करून सांगते. त्या तारखेने मुंबईच्या किती घरांतले विश्वासाचे दार लागले असेल, सांगता येत नाही. तेव्हापासून मालक म्हटला की त्याच्या तोंडी एकच आकडा: अकरा महिने. वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते म्हणून तो आकडा मुळात निघाला. १९९९ च्या कायद्याने सगळेच करार नोंदवणे सक्तीचे केले, तरी अकरा महिने काही हलले नाहीत. वर्ष पुरे भरू दिले की भाडेकरू पोक्त होतो, अशी मालकवर्गाची श्रद्धा आहे.

खरे पाहिले तर आता भिण्याचे कारण उरलेले नाही. लायसन्सची मुदत संपून जागा सोडली नाही तर लायसन्सदाराला दुप्पट रक्कम भरावी लागते, आणि जागा परत मिळवून द्यायला वेगळा अधिकारी नेमलेला आहे. भिण्याची पाळी आता दुसऱ्या बाजूवर आली आहे. डोंबिवलीला सध्या जे बिऱ्हाड आहे ते जळगावकडचे. तो तिथल्या एका कारखान्यात नोकरीला, ती घरी शिवणकाम करते, मुलगा पहिलीत. लग्नाला आठ वर्षे, आणि आमचे घर सहावे. दर वेळी डिपॉझिट, दलालाला एक महिन्याचे भाडे, टेंपो, पोलिसांत नोंद, सोसायटीची परवानगी, गॅसचा नवा पत्ता. एका सोसायटीने आधी विचारले की घरात मासे शिजतात का. दुसऱ्या मालकाने मुलगा झाल्यावर, लहान मूल भिंती खराब करते म्हणून, करार वाढवला नाही. हे दोघे आमच्याकडे चार वर्षे टिकले, कारण ही दर वर्षी हजार रुपये वाढवून करार पुन्हा करते. आता ते १४,००० देतात. मी ३२ देतो. माझ्या हातून पाव शतक झाले नाही ते त्यांच्या हातून एका करारात होते. ते वडिलांच्या बारा रुपयांतून बाहेर जन्मले, एवढाच त्यांचा दोष.

खोली विकायचे मनात आले ते आजारपणानंतर. जिना चढवत नाही, आणि हिला रात्री गॅलरीच्या टोकापर्यंत जाणे होत नाही. शिवाय इमारतीचे वय. भेंडी बाजारातली हुसेनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली, त्या दिवसापासून आमच्या चाळीत सिमेंटचा बारकासा पोपडा पडला तरी माणसे झोपेतून उठून बसतात. आमच्याकडे 'तात्पुरते' टेकू लावून आता पंचवीस वर्षे होत आली. मुलांनी त्यांना पतंगाचा मांजा गुंडाळला, बायकांनी वाळवणाच्या दोऱ्या बांधल्या. टेकू आता चाळीचेच झाले.

यावर उपाय निघाले नाहीत असे नाही. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, सेस बसला, आणि १९,६४२ इमारती त्यात आल्या. पण ३२ रुपये भाड्याच्या इमारतीची दुरुस्ती म्हणजे जुन्या बंडीला ठिगळ. पुढे १९८६ साली असे कलम आले, की भाडेकरूंच्या सोसायटीसाठी सरकारने अशी इमारत ताब्यात घ्यावी आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट द्यावे. आमच्या चाळीचे मूळ भाडे महिना ४८० रुपये. शंभरपट म्हणजे ४८,००० रुपये. साऱ्या इमारतीचे, जमिनीसकट! चाळीतली तरुण मंडळी तेव्हा पेढे वाटायच्या बेतात होती. वडील मात्र म्हणाले होते, "इतकं स्वस्त काही घेऊ नये. पचत नाही." मालकांच्या संघटनेने ते प्रकरण न्यायालयात नेले. तिथे ते तीस वर्षांहून अधिक काळ राहिले आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की प्रत्येकाची खासगी मिळकत ही सरसकट समाजाची साधनसंपत्ती मानता येणार नाही. त्या दिवशी मी धाकट्या मालकांना ती बातमी वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे आता गच्चीची गळती कोण काढणार?"

बिल्डर तीनदा आले. पहिल्याने पुठ्ठ्याची प्रतिकृती आणली होती. तिच्यात लहान लहान झाडेसुद्धा होती. प्रत्येक वेळी सह्या झाल्या, प्रत्येक वेळी कोणा ना कोणा वारसाची सही राहिली. शेजारच्या वाडीतली मंडळी दोन वर्षांच्या बोलीवर बाहेर पडली. सुरुवातीला त्यांना पर्यायी जागेचे भाडे मिळाले, मग बंद झाले. त्यांच्या जागी आज पत्र्याचे कुंपण आहे आणि आत पिंपळ उगवला आहे. त्यांतले एक वृद्ध गृहस्थ रोज संध्याकाळी येऊन कुंपणाच्या फटीतून आत पाहून जातात.

खोली पाहायला गिऱ्हाइके आली. खोलीत पाहण्यासारखे काय आहे, ते सांगतो: खिळे. तुळईला पाळण्याचा लोखंडी आकडा. त्यात आम्ही चार भावंडे आणि माझी दोन मुले झोपलो. दाराजवळ वडिलांच्या कोटाची खुंटी. कंदिलाचा खिळा, वीज आल्यावर त्याला कॅलेंडर आले. आईने तांदळाच्या हिशेबाची वही अडकवायला चुलीच्या वर ठोकलेला एक जाडजूड खिळा, तो तर दोन पिढ्यांनी उपसायचा प्रयत्न केला तरी निघाला नाही. ज्याने शेवटी सौदा केला त्या तरुणाने यातले काहीच पाहिले नाही. पाणी किती वेळ येते, हेही विचारले नाही. तो तडक गच्चीवर गेला, चारी बाजूंची उंच बांधकामे पाहिली, मेट्रोचे स्टेशन किती पावलांवर आहे ते खाली उतरून मोजून आला, आणि मग म्हणाला, "ठीक आहे, साहेब." त्याला खोली नको होती. ती पाडल्यावर जे ३०० चौरस फूट मिळायचे आहेत ते त्याला हवे होते. मी जे विकत होतो ते अजून बांधलेलेच नव्हते. हिने १९३८ पासूनच्या तारेत ओवलेल्या पावत्या ट्रंकेतून काढून त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने वरच्या तीन मोबाइलवर टिपल्या आणि तार तशीच परत दिली.

अडले ते वेगळ्याच ठिकाणी. त्याला ताबा डिसेंबरात हवा होता. डोंबिवलीचा करार नोव्हेंबरअखेर संपतो, तेव्हा हिशेब जुळत होता: तो इथे येणार, आम्ही तिथे जाणार, आणि ती जळगावची मंडळी कुठे तरी जाणार. कायद्याने, कराराने, तारखेने सगळे चोख. ही दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "पोराची शाळा एप्रिलात संपते. मधेच कुठे घालवायचं त्याला?" मी गिऱ्हाइकाशी बोललो. तो वाईट माणूस नव्हता. पण पैसे कर्जाऊ काढलेले. पाच महिने थांबायचे तर १ लाख कमी करा, म्हणाला. त्या लाखातले ३३ हजार धाकट्या मालकांचे होते. त्यांना विचारणे भाग होते. ते पावतीपुस्तक उघडून काही वेळ कोऱ्या पानाकडे पाहत राहिले. त्यांच्या हिश्शाचेही चार वाटे व्हायचे, आणि डोळ्याचे ऑपरेशन त्यांनी त्याच पैशांवर टेकवून ठेवले होते, हे मला माहीत होते. "तुमच्या सोयीनं करा, मास्तर," ते म्हणाले. "एवढी वर्षं थांबलोय." मग नेहमीप्रमाणे त्या महिन्याची पावती फाडून दिली.

गणपती झाल्यावर आम्ही दोघे डोंबिवलीला सांगायला गेलो. हिने वाटेत काय काय बोलायचे ते मनात जुळवले होते, पण त्याची गरज पडली नाही. आम्हाला दोघांना एकदम आलेले पाहूनच त्या मुलीला समजले असावे. एप्रिलपर्यंत राहा, भाडे वाढवणार नाही, असे हिने सांगितले तेव्हा तिने वाकून नमस्कार केला आणि हिला कसेनुसे झाले. मग ती उत्साहाने घर दाखवू लागली. डिपॉझिटमधून काही कापू नये असेही मनात असेल; परंतु त्यात थोडा अभिमानही होता. "बघा काकू, एक खिळा नाही ठोकला चार वर्षांत."

आणि खरेच भिंती कोऱ्या होत्या. देव टेबलावर मांडलेले, कॅलेंडर फ्रिजला टेकवलेले, मुलाचे दप्तर दाराच्या कडीला. भिंतीवर लावायचे मोठे गोल घड्याळ जेवणाच्या टेबलावर आडवे ठेवलेले होते, आणि मुलगा त्याच्याकडे वाकून पाहत अभ्यास करत होता.

"हे असं पालथं-आडवं का ठेवलंय, ग?" हिने विचारले.

"करारात आहे ना, काकू. भिंतीला खिळा मारायचा नाही म्हणून."

ते कलम दलालाच्या छापील नमुन्यातले. हिने ते कधी वाचलेही नसेल. "एप्रिलपर्यंत आहात," ही म्हणाली. "ठोका एक."

"आता कशाला, काकू?" ती म्हणाली. "सात महिन्यांसाठी भिंत खराब होईल." आणि घड्याळ उचलून तिने चहाच्या कपांना जागा केली.